शिजलेलं शिजवताना

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या मीट काउंटरवर येणारं गिऱ्हाईक काचेमागच्या गुलाबी मांडीकडे बोट दाखवून आधी विचारतं, ‘‘हे कच्चं आहे का शिजलेलं?’’ मी म्हणते, शिजलेलं. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘‘मग किती वेळ शिजवायचं?’’ मागे रांग असते, कुणाच्या तरी ढकलगाडीत पोर रडत असतं, त्यामुळे या दोन प्रश्नांमधली गंमत दाखवत बसायला सवड नसते. पौंडाला किती मिनिटं ते मी सांगते, पाकिटावरच्या सूचना वाचा म्हणते आणि पुढच्या माणसाकडे वळते.

व्हर्जिनियात, रिचमंडच्या बाहेर एका सुपरमार्केटच्या मांसविभागात मी नोकरी करते. माहेर कोल्हापूरचं. मांसाची किळस कधी नव्हतीच. पण आमच्याकडे मटण म्हणजे बकऱ्याचं, सकाळी डोळ्यांदेखत तोडून घेतलेलं आणि दुपारी ताटात आलेलं. शिळं मटण घरात आणलं तर आजीने पातेल्यासकट बाहेर टाकलं असतं. डुकराची मांडी खारवायची, धुरवायची, आठवडे-महिने ठेवायची आणि मग सणाला कापायची, ही रीत मी पगार घेऊन शिकले. घरच्या ओव्हनमध्ये ती आली मुलाच्या लग्नानंतर. सूनबाई इथलीच. तिच्या माहेरी नाताळच्या जेवणाला हॅम लागतंच. थँक्सगिव्हिंगला टर्की होऊन गेलेली असते, महिन्याभरात पुन्हा तेच तोंड कुणाला बघायचं नसतं. एका नाताळचं जेवण आमच्याकडे ठरलं, आणि दिवसभर हॅम विकणाऱ्या बाईने ते बाहेरून तयार मागवावं हे कुणालाच पटलं नसतं. मलाही नाही.

आमच्या ह्यांना डुक्कर चालत नाही. ते खात नाहीत, वादही घालत नाहीत. फक्त त्या दिवशी स्वयंपाकघरात जरा कमी फिरकतात. खरी उलटतपासणी व्हिडिओ कॉलवर कोल्हापूरच्या धाकट्या बहिणीने केली. मी ट्रे कॅमेऱ्यासमोर धरला, काय काय केलंय ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘आक्का, शिजलेलंच आणलंस व्हय? मग तू काय केलंस?’’

चेष्टा होती, पण मुद्दा बिनतोड होता. कांदा-खोबरं भाजणं, वाटण, फोडणी, उकळी, तवंग यांतून हात फिरल्याशिवाय आमच्यात स्वयंपाक झाला असं कुणी मानत नाही. इथे मात्र वस्तू माझ्या हाती येईपर्यंत नव्वद टक्के काम दुसऱ्यांनी उरकलेलं असतं. त्यांनी काय केलंय ते नीट समजलं तरच आपण काय करू नये ते समजतं, आणि हॅमच्या बाबतीत हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

सुपरमार्केटात जे ढिगाने विकलं जातं त्याला इकडे सिटी हॅम म्हणतात. डुकराच्या मागच्या मांडीत सुयांनी खारं पाणी टोचतात. त्यात मीठ, साखर आणि थोडं सोडियम नायट्राइट असतं. नायट्राइटमुळे बोट्युलिझमच्या जंतूंना आळा बसतो, आणि मांसातल्या मायोग्लोबिनशी त्याची क्रिया होऊन रंग पक्का होतो. म्हणून हॅम शिजल्यावरही गुलाबी दिसतं. न खारवलेली मांडी भाजली तर ती साध्या पोर्कसारखी करडी-पांढरी होते. खारवल्यावर धुरी देतात, त्यातच किंवा त्यानंतर शिजवतात, गार करून प्लॅस्टिकमध्ये आवळतात. किती पाणी मुरवलंय त्यावर लेबल बदलतं. नुसतं ‘हॅम’ लिहिलेलं सगळ्यात घट्ट. मग ‘नैसर्गिक रसासह’, मग ‘पाणी घातलेलं’, आणि तळाला ‘हॅम आणि पाण्याचं उत्पादन’. ही विभागणी सरकारी नियमाने, चरबी वजा जाता प्रथिनं किती उरतात त्यावरून ठरते. गिऱ्हाईक फक्त दर बघतं. पाणी घातलेलं हॅम स्वस्त पडतं खरं, पण ओव्हनमध्ये ते पाणी ट्रेत उतरतं आणि वरून लावलेला गोड लेप, म्हणजे ग्लेझ, धुऊन नेतं.

दुसरा प्रकार कंट्री हॅम. व्हर्जिनिया त्याचंच राज्य आहे. यात पाणी नाही. कोरडं मीठ चोळायचं, हिवाळाभर थंडीत ठेवायचं, मग बहुधा धुरवायचं आणि टांगून जून होऊ द्यायचं. फ्रिज नव्हते तेव्हा डुकरं थंडी पडल्यावरच मारत, कारण उन्हाळ्याची चाहूल लागायच्या आत मीठ हाडापर्यंत पोचायला हवं. आमच्यापासून गाडीने दीड तासाच्या आसपास स्मिथफील्ड गाव आहे. १९२६ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदाच केला: भुईमुगाच्या शेंगांवर पोसलेल्या डुकरांची आणि त्या गावाच्या हद्दीत खारवलेली मांडीच ‘अस्सल स्मिथफील्ड’ म्हणून विकता येईल. शेंगांची अट १९६६ मध्ये गेली, गावाची राहिली. तिथली मोठी कंपनी २०१३ साली एका चिनी कंपनीने घेतली, तेव्हा काउंटरवर महिनाभर तोच विषय होता. जो तो जाताना ‘आता आमचं हॅमही गेलं’ म्हणायचा आणि दोन पाकिटं उचलायचा.

गावातलं काउंटी संग्रहालय आम्ही मुद्दाम जाऊन पाहिलं. तिथे १९०२ सालचं एक हॅम काचेच्या पेटीत ठेवलंय. पी. डी. ग्वॉल्टनी ज्युनियर नावाच्या तिथल्या हॅमवाल्याने त्याला पितळी गळपट्टा घातला आणि आपला माल किती टिकतो ते दाखवायला तो ते पाळलेलं हॅम म्हणून प्रदर्शनांतून घेऊन फिरायचा. आता ते काळंठिक्कर, आक्रसलेलं, चामड्याचं दिसतं. आमचे हे बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते. डुक्कर न खाणाऱ्याला इतका रस कसा, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘आपलं बारा वर्षांचं लोणचं लोक देव्हाऱ्यात ठेवायचं बाकी ठेवतात, त्यापेक्षा हे बरं.’’

कंट्री हॅम आमच्याकडे कापडी पिशवीत, फ्रिजबाहेर टांगलेलं असतं. नव्याने या भागात राहायला आलेलं कुणी ना कुणी दर वर्षी ते परत घेऊन येतं, कारण पिशवी उघडल्यावर वर बुरशी दिसते. ती दिसणारच. कडक ब्रशने कोमट पाण्यात घासून काढायची, मग रात्रभर किंवा जास्तच वेळ पाण्यात भिजवायचं, पाणी बदलत राहायचं, आणि मग मंद आचेवर उकडायचं. एवढं करूनही ते इतकं खारट असतं की कागदासारखी पातळ चकती बिस्किटात घालून खातात. इथली बिस्किटं म्हणजे गरम, भुसभुशीत, लोण्याची भाकरच म्हणा. जुन्या व्हर्जिनियन बायका हे सगळं न सांगता जाणतात. त्या पिशवी हाताने दाबून बघतात, हाडाजवळ वास घेतात आणि माझ्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारतात. त्यांना माझी गरज नसते आणि मला त्यांचं उभं राहणं आवडतं.

चकचकीत ग्लेझ लावून टेबलाच्या मध्यावर ठेवायचं ते बहुतेक घरांत सिटी हॅम. त्यातही अर्धी मांडी घ्यायची ठरली की वरची घ्यायची का खालची हा वाद. वरच्या भागात मांस भरपूर, चरबी कमी, पण आत कंबरेचं वेडंवाकडं हाड असतं. सुरी कुठे अडेल सांगता येत नाही. खालच्या, नडगीकडच्या भागात एकच सरळ हाड आणि वर चरबीचा जाड थर. मी खालचाच घेते. ग्लेझला धरून राहायला चरबी लागते, आणि पाहुण्यांसमोर कापताना अब्रूही राहते.

तिसरा पर्याय स्पायरल हॅमचा, म्हणजे हाडाभोवती गोल फिरत आधीच पातळ कापलेलं. हे यंत्र डेट्रॉइटच्या हॅरी होनसेलार यांचं. १९५२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १९५७ मध्ये त्यांनी पहिलं हनीबेक्ड दुकान उघडलं. खपाचं म्हणाल तर आमच्याकडेही तेच पुढे. सोय मोठी आहे, पण प्रत्येक काप म्हणजे रस बाहेर पडायला एक वाट. जराशी आच जास्त झाली की कडेचे काप वाळतात. घाईच्या घरात स्पायरल घ्यावं, मी कुणाला अडवत नाही. माझ्या घरात काप न केलेलं येतं.

कामावर शिकलेली एक गोष्ट पाकिटावर सहसा कुणी वाचत नाही. कारखान्यात बंद केलेलं शिजलेलं हॅम घरी गरम करताना आतून १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सिअस, झालं की पुरतं. पण तेच हॅम दुकानात उघडून, कापून पुन्हा गुंडाळलं असेल तर १६५, म्हणजे ७४ सेल्सिअस, गाठायला हवेत. दुकानात हवा लागते, हात लागतो, करवत लागते. आम्ही करवत धुऊन, निर्जंतुक करूनच तयार हॅमला लावतो. तरी नियम नियमच. म्हणून ‘जरा अर्धं करून द्या ना’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारते की गरम करणार का तसंच खाणार. १६५ पर्यंत नेलेलं हॅम साठ टक्के चव घालवून बसतं, असं माझं मत. शक्यतो न कापलेलं न्यावं.

घरी आमचं साधारण नऊ पौंडांचं, म्हणजे चार किलोंचं असतं. हाडासकट घेतलं तर माणशी पाऊण पौंड धरायचं. दहा माणसं जेवून उरतं. सकाळी फ्रिजमधून काढून वरची जाड कातडी सोलते, चरबी पाव इंच ठेवते. मग त्या चरबीवर सुरीने तिरपे छेद, शंकरपाळ्या कापतो तसे. सुरी मांसात जाऊ द्यायची नाही. मांसाला छेद गेला की तिथून रस निसटतो आणि ग्लेझऐवजी खारं पाणी वर येतं. सूनबाईची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक लवंग खोवतात. दिसायला छान दिसतं. जेवताना दाताखाली आलेली अख्खी लवंग मात्र तोंड बधिर करते. पहिल्या वर्षी मी त्यांना सुचवलं, लवंगेची पूड ग्लेझमध्ये घालू. त्यांनी मान डोलावली आणि लवंगांची बाटली माझ्या हातात दिली. आता वरच्या बाजूला लवंगा त्यांच्या, ग्लेझमधली पूड माझी, आणि कापायच्या आधी एक नातू बोटाने सगळ्या लवंगा उपटून काढतो.

ट्रेमध्ये कापलेली बाजू खाली ठेवायची, तळाला वाटीभर सफरचंदाचा सायडर ओतायचा आणि वरून अॅल्युमिनियमचा कागद असा गच्च बसवायचा की वाफ कुठूनही जाऊ नये. ३२५ फॅरनहाइटला, म्हणजे १६३ सेल्सिअसला, पौंडाला अठरा-वीस मिनिटं. तीन तास. या तीन तासांत करण्यासारखं काहीही नसतं, आणि मला तेच जड जातं. रस्सा असता तर ढवळला असता, मीठ बघितलं असतं, गॅस बारीक-मोठा केला असता. इथे झाकण उघडून बघितलं की वाफ गेली. थर्मामीटरची सुई आत ठेवून वायर बाहेर काढते, आणि आकडा बघत इतर पदार्थांकडे वळते: मक्याचं पुडिंग, फरसबी, रताळी, पाव. सुई हाडाला टेकू द्यायची नाही, नाहीतर आकडा फसवतो.

आपल्या वाट्याला जे दहा टक्के काम येतं, ते सगळं शेवटच्या अर्ध्या तासात आहे. ग्लेझमध्ये साखर असते, आणि साखर तीन तास ओव्हनमध्ये टिकत नाही, कोळसा होतो. म्हणून आतला आकडा १२५ च्या आसपास आला की कागद काढायचा, ओव्हन ४०० ला, म्हणजे २०५ सेल्सिअसपर्यंत चढवायचा आणि मग ग्लेझ. इथे वाटीभर ब्राउन शुगर, दोन चमचे डिजॉं मोहरी, पाव वाटी सायडर व्हिनेगर, लवंगेची पूड. मी ब्राउन शुगरऐवजी कोल्हापुरी गूळ किसून घालते. देशी दुकानात मिळतो. यात पूर्व-पश्चिम मीलन वगैरे काही नाही. ब्राउन शुगर म्हणजे मळी मिसळलेली साखर, गुळात मळी मुळातच असते, इतकाच हिशेब. गरम मसाला, आलं-लसूण लावून ‘इंडियन’ हॅम करावं अशी सूचना दर वर्षी कुणीतरी करतं. ते मी ऐकून सोडून देते. खारवलेल्या, धुरवलेल्या मांसाच्या अंगावर गरम मसाला म्हणजे भरल्या बाजारात लाउडस्पीकर. व्हिनेगर मात्र मी जरा जास्तच घालते. हॅम खारट असतं, ग्लेझ गोड असतो, आणि आंबट नसेल तर तिसऱ्या घासाला कंटाळा येतो. बाजारी पाकिटातले तयार ग्लेझ इथेच कमी पडतात.

गुळाचा हा पाक कुठवर आणायचा, ते मला कुठल्याही इंग्रजी पाककृतीत नीट मिळालं नाही. त्यांचं ‘घट्ट होईपर्यंत’ पुरत नाही. मी आईने शिकवल्याप्रमाणे चिमटीत घेऊन बघते. एकतारीच्या अलीकडे असेल तर चरबीवरून घसरून ट्रेत जातो. दोनतारी झाला तर ब्रशलाच गोळा होतो आणि ओव्हनमध्ये कडक पापुद्रा धरतो, सुरी लागताच तो काचेसारखा तडकतो. एकतारीला लावायचा. पहिला हात पातळ. गरमीने चरबीचे चौकोन फाकलेले असतात, पाक त्या घळींत उतरतो. दहा मिनिटांनी दुसरा हात, आणि मग ओव्हनच्या काचेसमोरून हलायचं नाही. आधी बुडबुडे बारीक आणि पाणचट असतात, भराभर फुटतात. मग ते मोठे होतात, संथ होतात, फुटायला वेळ घेतात. चौकोनांच्या कडा तपकिरी होऊन टोकाला काळपट होऊ लागतात. वास गोडाकडून किंचित कडूकडे झुकला की त्याच क्षणी बाहेर काढायचं. आकडा बघायचा: १४० असतो. माझ्या ओव्हनचा मागचा डावा कोपरा तापट आहे, म्हणून मध्ये एकदा ट्रे फिरवावा लागतो. वरून सरळ ज्वाळ देणारा ब्रॉयलर काही जण लावतात. त्यात पाठ वळवण्याइतकीही सवड मिळत नाही.

विहीणबाईंच्या आईच्या काळात वरून अननसाच्या चकत्या आणि प्रत्येकीच्या भोकात लाल चेरी असायची, टूथपिकने टोचलेली. तसा जुना फोटो त्यांच्याकडे आहे. एका वर्षी त्यांना ते परत करायचं होतं आणि त्या ताजा अननस घेऊन आल्या. मी तो फळं म्हणून चिरला आणि हॅमसाठी डबा फोडला. ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते मांसाची प्रथिनं तोडतं. मंद आचेवर तासन्‌तास चिकटून राहिला तर वरचा थर लिबलिबीत होतो. डब्यातला अननस आधीच तापवलेला, त्यातलं ब्रोमेलेन निकामी झालेलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे आई डबा वापरायची ती गरिबीमुळे नाही म्हणायची.’’ गरिबीमुळेही असेल, मी म्हटलं. दोघी हसलो.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग कापायचं. हाडाला समांतर एक खोल काप, मग त्याला आडवे. उजेडात धरला की काही कापांवर हिरवट-जांभळी झाक चमकते. दुकानात याच झाकेपायी पाकिटं परत येतात. लोकांना वाटतं, मांस खराब झालं. स्नायूंचे बारीक तंतू सुरीने आडवे कापले की त्या पृष्ठभागावर प्रकाश फुटून रंग दिसतात, एवढंच. पाकीट तिरपं करून दाखवलं की रंग जागा बदलतो, आणि निम्मे लोक मानतात.

जेवणाच्या टेबलावर मुलाने त्याच्या मावशीला पुन्हा कॉल लावून फोन हॅमसमोर धरला. तिने तो तपकिरी चौकोनांचा डोंगर पाहिला, जवळ घे म्हणाली, आणखी जवळ घे म्हणाली. मग, ‘‘गूळ कुठला?’’ मी सांगितलं. ‘‘बरं मग,’’ म्हणाली, आणि दाजींना नमस्कार सांगून फोन ठेवला. आमच्या ह्यांच्या ताटात पुडिंग, रताळी आणि तीन पाव होते.

हाड कुणी न्यायचं हा इकडे मानाचा विषय असतो. हॅम कापून उरलेलं हाड नवीन वर्षाच्या दिवशी चवळीत घालतात. दक्षिणेकडच्या राज्यांत १ जानेवारीला चवळी आणि पालेभाजी खाल्ली की वर्ष बरं जातं अशी समजूत आहे. आमच्या घरचं हाड दर वर्षी विहीणबाई फॉइलमध्ये गुंडाळून पर्समध्ये घालायच्या बेताने उचलतात. पूर्वी त्या ते तासन्‌तास मंद आचेवर शिजवायच्या. मी त्यांना वाढदिवसाला प्रेशर कुकर दिला. या वर्षी १ तारखेला सकाळी त्यांचा फोन आला, ‘‘किती शिट्ट्या?’’

‘‘आधी एकट्या हाडाला पाच. मग कुकर उघडा, भिजवलेली चवळी घाला, दोन.’’

‘‘आणि मीठ?’’

‘‘चाखल्याशिवाय अजिबात नाही. हाड देईल तेवढं.’’

मागे शिट्टी झाल्याचा आवाज आला. त्यांनी मला विचारायच्या आधीच कुकर चढवला होता. ‘‘आणि तुमच्या मिस्टरांचं काय?’’ त्यांनी विचारलं. त्यांच्यासाठी वाटीभर चवळी मी आदल्या रात्रीच वेगळी भिजत टाकली होती, आमसूल आणि उरलेला गूळ घालून करायला.